मेमरी मोकळी करावी की नाही

कॉम्प्युटरची मेमरी मधूनमधून आपल्या हातानं मोकळी करावी, की तिला तिच्या पद्धतीनं राहू द्यावं, हा प्रश्न मी आजवर पंधरा-वीस जणांना तरी विचारला असेल. आसनगाव स्टेशनबाहेर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला विचारला. पुण्यात मोठ्या कंपनीत असलेल्या भाचेजावयाला त्याच्याच लग्नात, जेवणाच्या पंगतीत विचारला. एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या टेबलावर कॉम्प्युटर दिसला म्हणून त्यांनाही विचारला, तेही तोंडात कापूस असताना. कोणी म्हणतं, काही उपयोग नाही, उलट मशीन मंद होतं. कोणी म्हणतं, जुन्या मशीनवर उपयोग व्हायचा, आता नाही. भाचेजावई म्हणाला, "मावशी, रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी." मी हो हो म्हटलं, आणि घरी येऊन मोबाइलवरची सगळी उघडी अ‍ॅप बोटानं एकेक करून उडवून टाकली. माझं हे वेड घरात सगळ्यांना माहीत आहे. हिला एवढी का काळजी, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर शहापूरच्या आत्याच्या घरापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढा वेळ हल्ली कोणाला असतो? म्हणून ते इथं लिहून ठेवते आहे.

आमचं गाव शेणव्याच्या बाजूचं. घरी भातशेती, थोडी नाचणी, दोन बैल आणि आम्ही चार भावंडं. बारावीनंतर वडिलांनी मला शहापूरला त्यांच्या बहिणीकडे, मालूआत्याकडे ठेवलं. कॉलेज कर आणि आत्याच्या क्लासात टायपिंग शिक, एवढंच मला सांगितलं होतं. आत्याचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या लांबट खोलीत टायपिंगचा क्लास, मधे एक अंधारी खोली, आणि मागे स्वयंपाकघर. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, एसटीवर ड्रायव्हर होते आणि बरीच वर्षं शहापूर-मुरबाड फेरी करायचे. ते पहाटे निघून जायचे आणि सातला टाइपरायटर सुरू व्हायचे. अकरा मशीनं होती. एकाच वेळी अकरा पोरीपोरं बडवू लागली की मागच्या खोलीतल्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. पहिला आठवडा माझं डोकं उठलं. नंतर असं झालं की रविवारी क्लास बंद असला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आत्या त्या गोंगाटातही स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "तीन नंबर, करंगळी उचल." आणि तीन नंबरच्या मशीनवरच्या मुलीची करंगळी खरंच चुकलेली असायची. हे तिला कसं कळायचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिच्या हातची तांदळाची भाकरी मात्र सांगता येईल. पापुद्रा असा सुटायचा की आत सुकटीचा रस्सा भरून खावा. वालाचं बिरडं सोमवारी, कारण वाल शनिवारी भिजत घालून रविवारी मोड येणार. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी, आणि त्यात काकडाची आंबट फळं घालायला विसरलं तर घशाला खाज सुटणार म्हणून आत्या ती मोजून घालायची. जेवताना बोलायचं नाही, ताटात टाकायचं नाही, आणि जेवून उठल्यावर ताटाखालची जागा स्वतः पुसायची. टाइपरायटरचंही तिचं तसंच होतं. तास संपला की प्रत्येकानं आपल्या मशीनची अक्षरं ब्रशनं झाडायची. शनिवारी पेट्रोलचा बोळा. रबराची भुकटी, शाईची मळी, कागदाचा कोंडा असं जे काही मशीनच्या पोटात साठतं ते रोजच्या रोज बाहेर काढलं नाही तर मशीन कधी तरी तोंडघशी पाडतं, यावर तिचा देवाइतका विश्वास होता. तिची मशीनं वीस-वीस वर्षं चालली होती, त्यामुळे तिच्याशी वाद कोण घालणार.

तिचा आणखी एक नियम होता. तो इथंच सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. परीक्षेत मशीन अडलं, रिबन गुंतली, अक्षर अडकलं, तर उठायचं नाही आणि बोलायचं नाही. दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि समोर बघत बसायचं. हात मांडीवर दिसले की पर्यवेक्षक येतो, मशीन बदलून देतो, वेळ वाढवून देतो. बोललात तर शेजारच्याची लय बिघडते. आत्या सरावाच्या वेळी मुद्दाम येऊन रिबन ओढून ठेवायची आणि कोण कसं बसतं ते बघायची. एखादीनं "बाई" अशी हाक मारली की ती लक्षच द्यायची नाही. आम्ही सगळ्या त्यात इतक्या तयार झालो होतो की स्वयंपाक करताना गॅस संपला तरी माझे हात आधी खाली जायचे.

मग दोन कॉम्प्युटर आले. टाइपरायटरचे दिवस भरत आलेत हे आत्यानं ओळखलं होतं. ते जोडून दिले कल्याणच्या दिनेशनं. दिनेश म्हणजे पंचविशीचा, चष्मा लावणारा, सतत घाईत असलेला दुरुस्तीवाला. महिन्यातून एकदा लोकल धरून आसनगावला यायचा आणि तिथून रिक्षानं शहापूरला. पहिल्या दिवशी आत्यानं त्याला एकच प्रश्न विचारला, की याची साफसफाई कशी करायची? तो म्हणाला, वरून फडक्यानं पुसा. आत्या म्हणाली, वरची नाही, आतली. बाईंचं समाधान करावं म्हणून त्यानं फ्लॉपीतून एक छोटासा प्रोग्रॅम टाकून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी दिसायची. मेमरी भरत आली की ती लाल आणि बुटकी व्हायची. बटण दाबलं की मशीन आतून खरखर करायचं आणि पट्टी हिरवी होऊन उंच जायची. आत्या इतकी खूश झाली की तिनं दिनेशला बिरडं-भात जेवायला घातला. तेव्हापासून आमच्या क्लासात दर तासाला ब्रश मारण्याबरोबर मेमरी मोकळी करणं सुरू झालं, आणि ते काम माझ्याकडे आलं. मला ते फार आवडायचं. आपण काही तरी केलं आणि लगेच हिरवं झालं, असं आयुष्यात कितीदा होतं?

मंगल आमच्याच गावची, म्हणजे गावाच्या कडेला असलेल्या कातकरी वाडीतली. आश्रमशाळेत दहावी झाली होती. त्या वाडीतली दहावी झालेली ती पहिलीच. तिचे आईवडील दिवाळी उरकली की बाडबिस्तरा घेऊन वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. मंगल सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची. यंदा जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते ठरवण्यासाठी तिला हातात काही तरी हवं होतं. ती रोज सकाळच्या एसटीनं शहापूरला यायची. तिची बोटं मी कधी विसरणार नाही. लांब नव्हती, उलट आखूड आणि जाडसर, पण कीबोर्डवर पडली की नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज, कुठं खंड नाही. सहा महिन्यांत ती माझ्या पुढे गेली. मी दीड वर्ष शिकत होते आणि बाईंची भाची होते. मला तिचा हेवा वाटायचा, तो मी लपवून ठेवत होते आणि बहुतेक तो सगळ्यांना दिसत होता. तरी आम्ही मैत्रिणीच होतो. मधल्या सुट्टीत ती तिची नाचणीची भाकरी आणि मी माझी तांदळाची, अशी अदलाबदल करायचो. आत्याला हे माहीत होतं, आणि ती मंगलच्या वाट्याचं बिरडं वेगळं काढून ठेवायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दिनेश आला तो नवंच सांगू लागला. म्हणाला, बाई, तो प्रोग्रॅम वापरू नका, मीच टाकून दिला होता पण तेव्हा मलाही एवढं कळत नव्हतं. मशीनला जे लागतं ते त्यानं हाताशी आणून ठेवलेलं असतं. तुम्ही बटण दाबलं की ते सगळं तो डिस्कवर नेऊन टाकतो, आणि मग पुन्हा लागलं की परत आणत बसतो. "म्हणजे असं बघा," तो म्हणाला, "तुम्ही भाकऱ्या करताय. परात, पीठ, तवा सगळं ओट्यावर काढलंय. आणि कोणी तरी दर भाकरीनंतर ते सगळं उचलून माळ्यावर ठेवतंय."

आत्यानं उलट विचारलं, "आणि खरकटी भांडी ओट्यावर तशीच ठेवून कोणी भाकरी थापतं का रे?"

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि तीच पंचाईत होती. मामा तेवढ्यात ड्युटी संपवून आले. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, गाडी गरम असली की घाट चांगला चढते, गरम गाडी कोणी बंद करून ठेवतं का, पण पाणी मात्र बघावं लागतं. म्हणजे दोन्हीकडून बोलले. आत्यानं निकाल दिला, की आपली पद्धत बदलायची नाही. दिनेश माझ्याकडे बघून हळूच मान हलवत गेला. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप एक प्रयोग केला. एका मशीनची मेमरी मोकळी केली, दुसऱ्याची नाही. मोकळं केलेलं मशीन आधी पाच मिनिटं रडत-खडत चाललं आणि मग ठीक. न केलेलं सुरुवातीपासून चांगलं चाललं आणि दुपारी अचानक बंद पडलं. तिसऱ्या दिवशी बरोबर उलटं झालं. मी प्रयोग सोडून दिला.

दिवाळी झाली आणि आटगावच्या बाजूच्या एका कारखान्यातून आत्याला निरोप आला. ऑफिसात टायपिंगसाठी एक मुलगी हवी होती, कॉम्प्युटरवर हात बसलेली. एकच जागा. आत्यानं क्लासातली दोनच नावं कळवली, मंगलचं आणि माझं. आधी मंगलचं लिहिलं हे मी बघितलं. साहेब शनिवारी सकाळी स्वतः येणार होते, दहा मिनिटांची परीक्षा आमच्याच दोन मशीनवर घेणार होते. मंगलच्या वाडीतली माणसं सोमवारी भट्टीवर निघणार होती. तिनं घरी सांगून ठेवलं होतं की शनिवारी जागा मिळाली तर मी राहीन, नाही मिळाली तर येईन. मला नोकरी हवी होती, पण मिळाली नसती तर मी पुढे शिकले असते, आत्याच्या घरी भाकरी खाल्ली असती. हा फरक मला तेव्हाही कळत होता. कळत नव्हता असं मी म्हणणार नाही.

शनिवारी सकाळी क्लासाला सुट्टी देऊन आत्या अंगण झाडत होती. तिनं तिथूनच मला सांगितलं, दोन्ही मशीनं चालू कर आणि मेमरी मोकळी करून ठेव. मी केली. डाव्या मशीनची केली. पट्टी हिरवी झाली. मग उजव्या मशीनसमोर बसले, पट्टी अर्धी लाल होती, आणि बोट बटणावर ठेवून थांबले. का थांबले? दिनेशचं बोलणं आठवलं हे नक्की. आत्ता मोकळी केली तर पहिली पाच मिनिटं हे मशीन रडणार, आणि परीक्षाच दहा मिनिटांची. मग डाव्याचं काय, ते तर मी करून बसले होते. म्हणजे आता एक मशीन आत्याच्या मताचं होतं आणि एक दिनेशच्या मताचं. मी उठले. बटण दाबलं नाही.

एसटी उशिरा आली म्हणून मंगल धापा टाकत पोहोचली. केसांना तेल, अंगावर आश्रमशाळेच्या निरोपसमारंभाची निळी साडी. साहेब येऊन खुर्चीत बसले होते. तिनं चपला बाहेर काढल्या, आत आली आणि मला विचारलं, "कंच्यावर बसू गो सुमन?"

मी उजव्या मशीनकडे बोट दाखवलं.

या बोटावर माझं आयुष्य अडकलं आहे असं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून म्हणत नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी शेकडो वेळा आठवायचा प्रयत्न केला आहे. मी दिनेशवर विश्वास ठेवत असेन, तर चांगलं मशीन मी तिला दिलं. आत्यावर विश्वास ठेवत असेन, तर वाईट मशीन तिला दिलं. आणि मी कोणावर विश्वास ठेवत होते तेच मला माहीत नाही. कधी वाटतं मी मोठ्या मनानं तिला झुकतं माप दिलं. कधी वाटतं मी खोटारडी आहे आणि हे मोठं मन नंतर शिवून लावलेलं आहे. एखाद्यानं पक्कं सांगितलं असतं की मेमरी मोकळी करणं चांगलं की वाईट, तर निदान माझ्या हातून काय झालं एवढं तरी कळलं असतं. म्हणून मी त्या दातांच्या डॉक्टरांना विचारत होते.

साहेबांनी आम्हाला एकेक छापील कागद दिला, इंग्रजी पत्र होतं. घड्याळ लावलं. आत्या चहा-पोहे करायला आत गेली. मी सुरुवात केली आणि माझं मशीन बरोबर दिनेशनं सांगितलं तसं वागलं. वाळूचं घड्याळ येऊन बसलं, हलेचना. मी दोन ओळी टाइप करायची आणि अक्षरं पडद्यावर मागाहून यायची. शेजारून मंगलच्या बोटांचा तो सलग आवाज येत होता. तिसऱ्या मिनिटाला तिनं पान खाली सरकवलं. पाचव्या मिनिटाला माझं मशीन सुटलं, चालू लागलं, आणि मी जीव तोडून मागे लागले. सातव्या मिनिटाला शेजारचा आवाज थांबला.

मी मान वळवली नाही. पण टाइप करणाऱ्याला शेजारचं मशीन मान न वळवता दिसतं. पडद्यावरची अक्षरं पुढे सरकत नव्हती. तिनं दोन-तीनदा बटणं दाबून पाहिली, मशीन नुसतं टूं टूं करत राहिलं. मग तिनं दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले, आणि सरळ समोर बघत बसली. शिकवलं होतं तशी, पाठ ताठ.

साहेबांना त्याचा अर्थ काय कळणार? ते टायपिंगच्या परीक्षेचे पर्यवेक्षक नव्हते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वही चाळू लागले. त्यांना वाटलं असेल, झालं हिचं, किंवा दमली. स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज येत होता, कढीपत्त्याचा वास आला. त्या खोलीत त्या बसण्याचा अर्थ कळणारी एकच व्यक्ती होती आणि ती टाइप करत होती. तीन मिनिटं म्हणजे किती वेळ असतो ते मला त्या दिवशी कळलं. मी पत्राच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचले.

वेळ संपली. माझं पान छापून आलं. मंगलचं काहीच छापता येईना, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर सगळं पुसलेलं. मधेच साठवून ठेवायचं असतं हे आम्हाला कोणी पक्कं शिकवलंच नव्हतं. टाइपरायटरवर मारलेलं अक्षर कागदावर असतंच, ते कुठं जाणार, अशाच हिशेबानं आमचा सगळा क्लास चालायचा. आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. तिनं बघितलं आणि बश्या टाइपरायटरच्या टेबलावर ठेवून दिल्या. तिनं साहेबांना विनवलं, नियम समजावून सांगितला, पुन्हा दहा मिनिटं द्या म्हणाली. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, मशीन बंद पडतात, आमच्याकडेही पडतात, पण बंद पडलं की ओरडून सांगणारी मुलगी मला हवी, हात बांधून बसणारी नको. त्यांना पुढे जायचं होतं. ते पोहे न खाता गेले आणि जाताना मला सोमवारी यायला सांगून गेले.

आत्यानं मला विचारलं, तुला शेजारी बसून दिसलं नाही का? मी म्हटलं, माझं लक्ष कागदावर होतं. मंगल तिथंच उभी होती, चपलांपाशी. मग आत्यानं दुसरा प्रश्न विचारला.

"सुमन, मेमरी मोकळी केली होतीस ना दोन्हीची?"

"हो," मी म्हटलं.

आत्यानं त्या मशीनवरून एकदा हात फिरवला. मग मंगलला म्हणाली, अगदी मऊपणानं म्हणाली, की मग तुझ्याकडूनच काही तरी भलतं बटण दाबलं गेलं असेल बाळा, होतं असं घाईत. मंगल म्हणाली, असंल बाई. तिनं पोहे खाल्ले, बशी विसळून ठेवली, मशीनला आच्छादन घातलं आणि दुपारच्या एसटीनं गेली. सोमवारी मी आटगावला कामावर गेले आणि ती वाडीतल्या माणसांबरोबर भट्टीवर गेली.

त्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली, तिथूनच लग्न ठरलं, घर झालं. आत्याचा क्लास पुढे बंद पडला. आत्या शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली बोटं वीटभट्टीवर गेली. असं ती माझ्यासमोर म्हणायची, मला टोचावं म्हणून नाही, मला ते माहीतच आहे असं समजून. मी विषय बदलून मेमरीवर आणायची. दिनेश पुढे एकदा कल्याण स्टेशनवर भेटला, केस गेलेले, स्वतःचं दुकान. त्यालाही मी विचारलं. तो म्हणाला, ताई, खरं सांगू, त्या मशीनचा पंखाच खराब होता, ते तापून बंद पडायचं, मेमरीचा काही संबंध असेल असं वाटत नाही. मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी त्याला चहा पाजला. मग तो म्हणाला, पण तेवढीशी मेमरी, एखादे वेळी भरून अडकलंही असेल, कसं सांगणार? मी घरापर्यंत पुन्हा जशीच्या तशी आले.

मंगल मधल्या वर्षांत तीन-चारदा दिसली होती, बाजारात, एकदा सरकारी दवाखान्यात. पोरंबाळं, पाऊस, असंच बोलणं झालं. तिचं लग्न तानसाच्या बाजूच्या वाडीत झालं आहे. हे प्रकरण लिहायला घेतलं आणि मशीनकडे बोट दाखवल्यापाशी येऊन माझं लिहिणं अडलं. आठ दिवस एक ओळ पुढे सरकेना. शेवटी मी उठले आणि तिच्याकडे गेले.

ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिची थोरली मुलगी बारावीला आहे. मंगलनं मलाही मूठभर शेंगा दिल्या, म्हणजे बोलता बोलता हात चालू राहतील. मी सगळं सांगितलं. डावं मशीन, उजवं मशीन, लाल पट्टी, हिरवी पट्टी, दिनेशचा माळा, आत्याची खरकटी भांडी, मामांची गरम गाडी. मी उजव्याची मेमरी मोकळी केली नव्हती आणि आत्याला केली म्हणून सांगितलं, हेही सांगितलं. पंख्याचंही सांगितलं. भलतं बटण तू दाबलं नव्हतंस, एवढं तरी नक्की, असं म्हणाले. दम लागेपर्यंत बोलत होते. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी मी तिलाच विचारलं, तूच सांग, मी तुझं वाईट केलं की चांगलं करायला गेले?

तिनं शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"त्या मेमरीचं मला काय कळत नाय गो," ती म्हणाली. "येक सांग. मी हात मांडीवर ठेवले व्हते. ते तू बगितले का नाय?"

मी "बघितले" म्हटलं. मेमरीबद्दल इतक्या वर्षांत मला एकही सरळ उत्तर सापडलं नव्हतं, आणि हे एका शब्दात निघालं.

मंगलनं माझ्याकडे बघितलं. रागावलेली दिसत नव्हती. एखादी गोष्ट ठेवली तिथं नाही हे लक्षात आल्यावर माणूस बघतं, तशी बघत होती. मग ती म्हणाली, "इतकी वरसं मी माज्या पोरीला सांगत आले, सुमनला दिसलं नसंल, नायतर ती उठली असती."